राखीव वीस अक्षरं

टेपमावशींनी बत्तीस वर्षांत खात्याची एकही टेप हरवू दिली नाही, एकाही वरिष्ठाला डोक्यावर बसू दिलं नाही, आणि नळजोडणीच्या फाइलमधली ती वीस अक्षरं रिकामी नाहीत, हे एकाही साहेबाला कळू दिलं नाही. पहिल्या गोष्टीबद्दल खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. दुसरीबद्दल दोनदा लेखी समज दिली. तिसरी बाहेर पडली ती निवृत्तीला आठ महिने उरले असताना, आणि तीही एका दाढेपायी.

पाणीपुरवठा खात्याच्या तळघरात एक मोठं मशीन होतं. मोठं म्हणजे खरोखरच मोठं. त्याच्याभोवती फेरी मारायला दोन मिनिटं लागत. त्याला थंडी लागे म्हणून नव्हे, तर गरमी सोसत नसे म्हणून ती खोली बारा महिने गार ठेवलेली असायची, आणि मावशी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून कामाला यायच्या. तेविसाव्या वर्षी त्या लागल्या तेव्हा काम एवढंच होतं: ताटाएवढ्या टेपा कपाटातून काढायच्या, मशीनवर चढवायच्या, उतरवायच्या, परत कपाटात ठेवायच्या. तिशीच्या आतच सगळे त्यांना मावशी म्हणू लागले, कारण टेपेला बोट लावणाऱ्याला त्या वयाचा, हुद्द्याचा विचार न करता झापायच्या.

बाकीचं त्यांना जुन्या साहेबांनी शिकवलं. साहेबांनी एका खाकी कागदावर फाइलचा नकाशा काढून दिला होता. शहरातल्या प्रत्येक नळाची एक नोंद, आणि प्रत्येक नोंद मोजून तीनशे घरांची, म्हणजे चौकोनांची. एक कमी नाही, एक जास्त नाही. एका घरात एक अक्षर. आकडे मात्र दाटीवाटीने राहायचे: एका घरात दोन आकडे कोंबायचे, आणि शेवटच्या अर्ध्या घरात अधिक की उणे ते लिहायचं. त्या काळी मशीनमधली जागा जपून वापरत, पाहुण्यांना झोपवताना घरची बाई चटया मोजते तशी. तरीसुद्धा साहेबांनी एक चैन केली होती. नावाला चाळीस घरं दिली आणि नावाच्या लगेच मागे वीस घरं मोकळी सोडून त्यावर लिहिलं, ‘राखीव, पुढील वापरासाठी’. पुढे लोकांची नावं लांबली तर असावीत, एवढाच त्यामागे विचार. लोकांची नावं काही लांबली नाहीत. साहेब निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले आणि वीस घरं ओस पडली.

त्यात पहिला भाडेकरू आणला तो एका कुत्र्याने. मीटर वाचत फिरणारे मीटरभाऊ एके दिवशी फाटकी पँट एका हाताने धरून तळघरात आले. गरीब स्वभावाचा, हळू बोलणारा माणूस. म्हणाले, “मावशी, सुई-दोरा आहे का?” पँट शिवताना कळलं की बेकरीमागच्या एका घरातल्या कुत्र्याने त्यांच्या आधीच्या मीटरवाल्याचीही पँट फाडली होती, आणि त्याच्या आधीच्याचीही. मावशींचं डोकं तापलं. नळ किती इंची आहे हे या मशीनला ठाऊक, पाइप कुठल्या साली टाकला हे ठाऊक, आणि दारात कुत्रा आहे एवढंच नेमकं ठाऊक नाही. त्यांनी त्या नोंदीच्या राखीव घरांत लिहिलं, ‘कुत्रा. काठी न्या.’ मग मीटरवाल्यांना रोज सकाळी मिळणाऱ्या फेरीच्या यादीत ती वीस अक्षरं छापली जातील, एवढा बदल करून टाकला. विचारलं कुणालाच नाही. विचारलं असतं तर समिती बसली असती, आणि समिती उठेपर्यंत आणखी तीन पँटी गेल्या असत्या.

हळूहळू सवय लागली. मीटरवाले आणि व्हॉल्व्ह फिरवणारे येता-जाता सांगायचे, मावशी टिपून घ्यायच्या. ‘मीटर कोंबड्यांखाली.’ ‘बेल बंद. दार बडवा.’ ‘तिसरी पायरी हलते.’ काही घरी मूत्रपिंडाच्या आजाऱ्याला रक्त शुद्ध करायचं मशीन लावलेलं असे, त्याला पाणी सतत लागे. अशा एकशे तेरा घरांना मावशींनी लिहिलं होतं, ‘आजारी. पाणी तोडू नये.’ दुरुस्तीसाठी पाणी बंद करण्याआधी व्हॉल्व्हवाले ही यादी पाहत आणि त्या घरांना आदल्या दिवशी सांगून येत. खात्याच्या कुठल्याही नियमात हे बसत नव्हतं, वीस अक्षरांत मात्र बसत होतं.

मावशींनी स्वतःला तीन नियम घालून घेतले होते. लिहायचं ते खरं असावं. पायी फिरणाऱ्याच्या उपयोगाचं असावं. आणि रागात लिहू नये. दुसरा नियम त्यांनी जरा सैल धरला, हे कबूल करायला हवं. निवृत्त न्यायाधीशांच्या नोंदीत ‘मीटरशी वाद घालतात’ असं होतं. नव्या लग्नाच्या एका जोडप्यापुढे ‘अकराच्या आत नको’ असं होतं; त्यांना आता दोन शाळकरी मुली होत्या, तरी मावशींनी ते खोडलं नव्हतं. वीस अक्षरांत माणूस बसवायचा म्हणजे कसब लागतं, आणि कसब अंगात आलं की हात शिवशिवतो.

तिसरा नियम एकदाच मोडला, आणि तो नणंदेच्या बाबतीत.

मावशींचे यजमान तसबिरींना चौकटी करायचे. त्यांची थोरली बहीण, मावशींच्या वन्सं, पोस्टाजवळच्या गल्लीत एकट्या राहायच्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना ‘थोडं थांबा’ म्हणण्यात गेली होती, तेवढ्या काळात तुंबलेलं सगळं निवृत्तीनंतर त्या बोलून मोकळं करत होत्या. तोंडाचा पट्टा एकदा सुटला की समोरच्याने पाणी प्यायचीही सोय नसे. अकरा वर्षांपूर्वी भरल्या घरात, चार पाहुण्यांसमोर त्या सहज बोलून गेल्या होत्या, “आमच्या वहिनींचं काय काम असतं? रिळं उचलायची, रिळं ठेवायची. त्यात शिकायचं काय?” मावशी हसल्या. पाहुण्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी तळघरात आल्या, स्वेटर घातला आणि वन्संची नोंद उघडून वीस घरांत लिहिलं, ‘बोलू लागली की पळा’. त्यानंतर आठवडाभर त्यांना कशी शांत झोप लागली.

मग खात्याने मोठं मशीन मोडीत काढायचं ठरवलं. सगळ्या नोंदी नव्या मशीनवर न्यायचं काम एका कंपनीला दिलं. कंपनीच्या प्रमुख बाईंना सगळे नवीन मॅडम म्हणायचे. हुशार बाई, कामाला वाघ. जुन्या मशीनमध्ये प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो आणि नव्या मशीनमध्ये त्याच अक्षराला दुसराच; म्हणून त्यांनी एक भला मोठा तक्ता आणला होता, हा आकडा दिसला की तो मांडायचा असा. खाकी कागदावरून बोट फिरवत त्या नावापाशी आल्या आणि थांबल्या.

“मावशी, हे राखीव काय आहे?”

“राखीव म्हणजे राखीव.”

“पण रिकामं ना?”

“रिकामं,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

हे त्यांचं चुकलं. बेत तसा साधा होता. टेप द्यायची शुक्रवारी. गुरुवारी सगळ्या टिपणांची प्रत काढायची, त्यातली उपयोगाची मॅडमना नीट समजावून द्यायची आणि चावट तेवढी गुपचूप पुसून टाकायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण बुधवारी दाढ ठणकू लागली. दाताचा डॉक्टर म्हणाला, अक्कलदाढ आहे, आजच काढू. त्याच दिवशी मॅडमना गाडी मोकळी मिळाली आणि त्या दोन दिवस आधीच येऊन टेप घेऊन गेल्या. मावशींची अक्कलदाढ आणि टेप एकाच दुपारी निघाली.

पुढे जे झालं त्यात यंत्राचा काडीचा दोष नव्हता. मॅडमच्या प्रोग्रॅमने पाहिलं, नावाच्या लगेच मागे अक्षरं आहेत. कागद म्हणतो, राखीव, पुढील वापरासाठी. म्हणजे नावं लांबलेली दिसतात. त्याने दोन्ही शहाण्यासारखी जोडून टाकली. मग दुसऱ्याच दिवशी तपासणीसाठी पोस्टाजवळच्या एका वॉर्डात चारशे बारा पत्रं पाठवली. मजकूर एकच: ‘आम्ही आमच्या नोंदी अद्ययावत करत आहोत. वर छापलेले आपले नाव बरोबर आहे का, हे कृपया तपासून कळवावे.’

शुक्रवारी संध्याकाळी मावशी गाल सुजवून, तोंडात कापूस धरून घरी बसल्या होत्या. वन्सं आल्या. चपला काढायच्या आधीच त्यांनी पत्र भावाच्या नाकासमोर धरलं. “वाच. मोठ्याने वाच.” भावाने वाचलं. वन्संचं नाव, आडनाव, आणि त्याच्यापुढे एकाच ओळीत, एकाच ठशात, ‘बोलू लागली की पळा’. त्याखाली, नाव बरोबर आहे का ते कळवावे.

मावशींच्या तोंडातून फक्त “अं” निघालं.

“तू बोलू नकोस, टाके निसटतील,” वन्सं म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मग तासभर गल्लीचा वृत्तान्त झाला. बेकरीवाल्याच्या पत्रावर ‘कुत्रा बरा, मालक चावतो’ असं आलं होतं. न्यायाधीश पत्राला कायदेशीर उत्तर लिहीत होते. ‘अकराच्या आत नको’वाली बाई दार लावून बसली होती, आणि तिचा नवरा मात्र सकाळपासून उगाचच छाती काढून फिरत होता. जो तो स्वतःचं पत्र लपवत होता आणि दुसऱ्याचं मागून वाचत होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मावशी हसून लोळल्या असत्या.

“आणि हे कुणाचं काम, ते कळलंय आम्हाला,” वन्सं म्हणाल्या. “त्या मीटरवाल्याचं. दारात येतो कोण? तोच. कुणाची बेल बंद, कुणाचा कुत्रा कसा, त्यालाच माहीत. सोमवारी अकरा वाजता आम्ही सगळे मोठ्या साहेबांकडे जातोय. त्याला काढून टाकल्याशिवाय मी तिथून हलायची नाही.” इथे त्यांचा आवाज जरा खाली आला. “इतर येतात आणि आकडा टिपून पळतात. हा एकटा बसायचा, अर्धा अर्धा तास. मला वाटायचं, ऐकतोय. आणि जाऊन हे लिहायचा.”

मावशींना त्याच क्षणी सांगता आलं असतं. दाढ काढलेल्या माणसाला कागदावर लिहून सांगता येतं. घरात कागद होता, पेन्सिल होती. त्यांनी गालावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. दाढेचं निमित्त त्यांनी त्या दिवशी पुरेपूर वापरलं.

शनिवारी त्या ऑफिसला गेल्या. तळघराच्या पायऱ्यांवर मीटरभाऊ बसले होते. गल्लीची तक्रार आली आहे, सोमवारी चौकशीला हजर राहा, तोवर फेरीवर जाऊ नका, असा कागद त्यांच्या हातात होता.

“मी काही बोलणार नाही, मावशी,” ते म्हणाले. “कुणी लिहिलंय ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण तुमचे आठच महिने राहिलेत. कशाला?”

“आणि तुमची किती राहिली?”

“सहा वर्षं. पण मलाही आता चालायचा कंटाळा आलाय.”

हे साफ खोटं होतं. हा माणूस सुट्टीच्या दिवशीसुद्धा पायीच फिरायला जायचा.

मावशी आत गेल्या आणि मशीनसमोर बसल्या. शहराच्या चाळीस हजार नोंदींतली ती वीस घरं पुसायला चार ओळींचा प्रोग्रॅम पुरे होता. त्यांनी तो लिहिलाही. कळ दाबली की जुनी फाइल स्वच्छ. मॅडमना नवी टेप द्यायची, उरलेली पत्रं साध्या नावांनी जातील, आणि कुणी लिहिलं, काय लिहिलं, याचा पुरावा उरणार नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांना वाटत होतं की मशीनचा पंखासुद्धा आपल्याकडेच बघून घरघरतोय. पण पुरावा पुसल्याने मीटरभाऊ सुटत नव्हते, उलट अडकतच होते. आणि कुत्रे, हलत्या पायऱ्या यांच्याबरोबर ती एकशे तेरा आजारी घरंही पुसली जाणार होती. त्यांची प्रत अजून निघाली नव्हती. मावशींनी प्रोग्रॅम तसाच टाकून दिला, आणि तो सबंध दिवस बसून त्या एकशे तेरा घरांची यादी छापून घेतली.

सोमवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. एका बाजूला बेकरीवाला, न्यायाधीश, गल्लीतले आठ-दहा जण, आणि सगळ्यांच्या पुढे वन्सं. दुसऱ्या बाजूला नवीन मॅडम, आणि भिंतीला टेकून मीटरभाऊ. वन्संनी वीस मिनिटांत मीटरभाऊंना नालायक, विश्वासघातकी आणि आतल्या गाठीचा ठरवलं. मीटरभाऊ जमिनीकडे पाहत उभे होते. साहेबांनी विचारलं, “तुम्हाला काही म्हणायचं आहे?” त्यांनी नकारार्थी मान हलवली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मावशी दारातच उभ्या होत्या. गाल अजून सुजलेला होता.

“साहेब, मीटरवाल्याला मशीनला हातसुद्धा लावता येत नाही. ते सगळं मी लिहिलं.”

कुणाला खरं वाटेना. साहेब म्हणाले, “मावशी, तुम्हाला बरं नाहीये. घरी जा.” मग मावशींनी बेकरीवाल्याकडे पाहून त्याचं टिपण म्हणून दाखवलं, न्यायाधीशांचं म्हणून दाखवलं, तळघरातला कुत्र्याचा आणि पँटीचा किस्सा सांगितला आणि यादी टेबलावर ठेवली. “ही एकशे तेरा घरं. यांचं पाणी न सांगता तोडलं तर माणूस दगावेल. बाकी काय पुसायचं ते पुसा. ही पुसू नका.”

नवीन मॅडमनी यादी ओढून घेतली आणि वाचू लागल्या. मोठे साहेब मात्र माणूसच. खाकरून म्हणाले, “आमच्या घराच्या नोंदीत काय आहे?”

“राहू द्या, साहेब.”

“सांगा, सांगा.”

“‘साहेबांना विचारू नये’,” मावशी म्हणाल्या. “मागे मीटरवाल्याने तुम्हाला मीटर कुठे आहे ते विचारलं होतं. तुम्ही त्याला गच्चीवर नेलंत. मीटर बागेत आहे. तुमच्या घरच्या बाईंना माहीत आहे.”

पहिला हसला तो बेकरीवाला, मग न्यायाधीश, मग स्वतः साहेब. हसल्या नाहीत त्या एकट्या वन्सं. त्या आधी मीटरभाऊंकडे बघत राहिल्या. मग वहिनीकडे वळल्या. मावशींना वाटलं, आता सुरू होईल. आणि त्यांना ते हवंही होतं. वन्संनी पत्राची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि एक शब्दही न बोलता निघून गेल्या.

मावशींना तिसरी लेखी समज मिळाली. मीटरभाऊ दुसऱ्याच दिवशी फेरीवर गेले. साहेबांनी फर्मान काढलं की ज्याला हवं त्याला आपली वीस अक्षरं बघता येतील, बदलून घेता येतील, आणि त्यासाठी मावशींनी तळमजल्यावर खिडकीत बसावं. ज्याने घाण केली त्यानेच झाडावी. नवीन मॅडमनी नव्या मशीनमध्ये ‘विशेष सूचना’ नावाची रीतसर जागा केली. त्या दोनशे अक्षरं द्यायला तयार होत्या. “वीसच ठेवा,” मावशी म्हणाल्या. “दोनशे दिली तर लोक निबंध लिहितील.”

खिडकीसमोर रांग लागली ती वेगळ्याच कारणाने. न्यायाधीशांनी आपलं टिपण काढून टाकलं, पण बेकरीवाल्याने साफ नकार दिला. त्याने ते पत्र चौकट करून दुकानात लावलं होतं आणि चौकटही मावशींच्या यजमानांकडूनच करून घेतली होती. ज्यांची वीस घरं रिकामी होती ते लोक नाराज होऊन येत. “आमच्याबद्दल काहीच नाही? एवढी वर्षं राहतोय आम्ही.”

वन्सं तेवढ्या आल्या नाहीत. तीन आठवडे झाले. यजमान दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा पंधरा मिनिटांत परतले. “ताई बोलतच नाही,” ते म्हणाले. “बरी आहेस का विचारलं, तर ‘बरी’ म्हणाली. एवढंच.” मावशी स्वतः एकदा गेल्या, तर वन्संनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि समोर बसून राहिल्या. ती शांतता मावशींना सोसली नाही. बत्तीस वर्षं पंख्याच्या घरघरीत काढलेल्या बाईला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, खिडकीत बेचाळीस नंबर पुकारला आणि समोर वन्सं उभ्या राहिल्या. हातात रांगेचा बिल्ला.

“माझी नोंद दाखवा,” त्या म्हणाल्या. एरवी तू म्हणणाऱ्या वन्संनी अहो-जाहो केलं. मावशींनी मशीनचा पडदा वळवून दाखवला. ते चार शब्द अजून तिथेच होते. ज्याचं त्याने सांगितल्याशिवाय बदलायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता.

“हे कधी लिहिलंत?”

“अकरा वर्षं झाली.”

वन्संनी मान डोलावली. “बरोबर. अकराच. त्याच्या आधी जो मीटरवाला यायचा तो थांबायचा. त्याच्या बायकोचं, मुलांचं मला सगळं ठाऊक होतं. मग एकाएकी सगळ्यांना घाई सुटली. नवा कुणी आला की दारातूनच आकडा टिपून जिन्याने धावत खाली. मला वाटायचं, माझ्या तोंडाला वास येतो की काय. दोन डॉक्टरांना दाखवलं मी. एकाने सांगितलं, लवंग चघळा. अकरा वर्षं लवंग चघळतेय मी, तुझ्या वीस अक्षरांपायी.”

मागे रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं. मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

“चुकलं, वन्सं. रागात लिहिलं. त्या रिळांच्या बोलण्याचा राग होता.”

“कुठल्या रिळांच्या?”

मावशींनी सांगितलं. वन्संना ते आठवतही नव्हतं. “मी असं म्हणाले? म्हणाले असेन,” त्या म्हणाल्या. “दिवसाला इतकं बोलते मी, त्यातलं एक तू अकरा वर्षं धरून बसलीस? आणि मीटरभाऊ? त्याने वाचलं नव्हतं का हे?”

“वाचलं होतं. दर वेळी वाचायचे. तरी बसायचे.”

वन्सं खुर्ची पुढे ओढून बसल्या. “घे, लिही. ‘अत्यंत सुशिक्षित, मनमिळाऊ आणि’...”

“वीसच बसतात, वन्सं.”

“मग ‘टेलिफोन एक्स्चेंजमधून सन्मानाने’...”

“नाही बसत.”

असं पाऊण तास चाललं. रांग लांबत गेली, पण हलली नाही. लोक पुढे सरकून ऐकू लागले आणि आपापल्या सूचना देऊ लागले. शेवटी वन्संनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाल्या, “लिही. ‘दारात खुर्ची. बसा.’” मावशींनी लिहिलं. बसलं, आणि वर जागा उरली.

“आता तुमच्या घराची काढ.”

“आमची? तिथे काही नाही. रिकामीच आहे.”

“म्हणूनच म्हणते, काढ. जगाला नावं ठेवलीस, स्वतःचं घर कोरं ठेवलंस होय?”

मावशींनी नोंद उघडली. यजमानांचं नाव, आणि त्यामागे वीस मोकळी घरं. वन्संनी चष्मा चढवला, पडद्याकडे पाहिलं, सुजेची खूणही न उरलेल्या त्या गालाकडे पाहिलं. या वेळी त्यांना पाऊण तास लागला नाही.

“‘खरं बोलते. उशिरा.’”

मावशींनी एकेक अक्षर टाइप केलं. “बारा झाली,” त्या म्हणाल्या. “आठ घरं उरलीत.”

“असू देत,” वन्सं म्हणाल्या. “संध्याकाळी जेवायला येतेय. तेव्हा सांगते.”